चकाकी अडते कुठे? दगड घासणाऱ्या वाचकांचे प्रश्न

अकीक, गारगोटी, स्फटिक घरी घासून खडे करणाऱ्या वाचकांची पत्रं या वेळी बरीच आली. बहुतेकांना दगड कापता येतो, आकारही देता येतो. गाडी अडते ती चकाकीपाशी. म्हणून सुरुवात याच विषयापासून केली आहे, बाकीचे प्रश्न त्याच्यामागून घेतले आहेत.

प्रश्न : अकीकाचा लंबगोल खडा घुमटाकार घासतो. चाकाचे २२०, ६००, १२०० असे सगळे नंबर (आकडा वाढेल तसे कण बारीक) घेतो आणि शेवटी नमद्यावर, म्हणजे दाबलेल्या लोकरीच्या चकतीवर, सेरियम ऑक्साइडची पॉलिश पावडर लावतो. कडेला आरशासारखी चकाकी येते, पण घुमटाचा माथा धुरकटच राहतो. पावडर खराब असेल का? (एक वाचक, पुणे)

उत्तर : पावडरीत दोष असता तर कडाही धुरकट राहिल्या असत्या. अडचण पॉलिशच्या तीन पायऱ्या आधी आहे, बहुधा २२० वर. घुमट घासताना हात आपोआप कडेकडून वर फिरतो आणि माथा चाकाला सगळ्यांत कमी वेळ टेकतो. ८० किंवा १०० नंबरच्या चाकाचे खोल ओरखडे तिथे तसेच राहतात. ६०० नंबर त्यांच्या कडा फक्त गोल करतो, त्यामुळे ते डोळ्यांना दिसेनासे होतात. सेरियमने आजूबाजूचा भाग चमकला की तेच ओरखडे धुकं होऊन वर येतात.

उपाय साधा आहे. प्रत्येक नंबर सुरू करण्याआधी खडा पुसून कोरडा करा आणि पक्क्या शाईच्या मार्कर पेनाने सगळा घुमट काळा करा. शाईचा शेवटचा ठिपका जाईपर्यंत त्याच नंबरवर थांबा. माथ्यावर शाई उरली तर तिथे चाक पोहोचलेलंच नाही. एका नंबरवर खडा उभा फिरवला असेल तर पुढच्यावर आडवा फिरवा. मग आधीच्या नंबरचे ओरखडे वेगळ्या दिशेचे म्हणून लगेच ओळखू येतात.

तपासणी नेहमी कोरड्या खड्यावर करा. ओला दगड सगळे दोष झाकतो. टेबल-लॅम्पखाली खडा हळूहळू कलता करत बल्बचं प्रतिबिंब माथ्यावरून सरकवा. ६०० नंतर तो नुसता उजेडाचा डाग असतो. १२०० नंतर डागाला कड येऊ लागते, ३००० नंतर बल्बचा आकार ओळखू येतो. हे प्रतिबिंब माथ्यावर येताच फिसकटत असेल तर पॉलिशकडे वळू नका. २२० वर परत जा. मन लागत नाही, हे मान्य. पण एका खड्याला तासभर लागत असेल तर त्यातली निम्मी वेळ २२० वरच जायला हवी.

तुमच्या क्रमात १२०० नंतर थेट सेरियम आहे. अकीकाला ते चालून जातं, पण मध्ये ३००० चं हिऱ्याचं मऊ चाक घेतलंत तर नमद्यावरचं काम खूप हलकं होईल. सेरियम पाण्यात कालवून पातळ ताकासारखा करा आणि नमदा ओलसर ठेवा, निथळता नको. नमदा किंचित सुकू लागला की खडा हाताला ओढ देतो. खरी चकाकी त्याच क्षणी येते. १० ते १५ सेकंद दाब द्या, उचला, मनगटावर टेकवून पाहा. चटका बसत असेल तर थांबा. जास्त तापलेला खडा काडीवरच्या लाखेपासून सुटतो, नाहीतर तडकतो.

नमद्यावर २२० चा एक कण जरी बसला तरी प्रत्येक खड्यावर नवा ओरखडा उमटत राहतो. नमदा झाकणाच्या डब्यात ठेवा आणि नंबर बदलताना हात, नखं, पाण्याचं भांडं धुवा. अ‍ॅप्रनही बदला. त्याच्या खिशात आणि शिवणीत कण अडकून बसतात.

प्रश्न : हिरव्या शेवाळासारखी नक्षी असलेल्या अकीकावर नक्षीच्या जागी बारीक खळगे पडतात. (एक वाचक, वर्धा)

उत्तर : ती नक्षी अकीकापेक्षा मऊ खनिजांची असते. मऊ नमदा खळग्यात शिरतो आणि तो आणखी खोल करतो. अशा दगडाला सेरियम आणि नमदा दोन्ही टाळा. ३००० नंतर कडक चामड्यावर किंवा लाकडी चाकावर हिऱ्याची पेस्ट लावा आणि अगदी हलक्या हाताने घासा. जिथे दाब वाढतो तिथेच खळगा पडतो.

प्रश्न : आमच्या शेतात आणि ओढ्यात पांढरे, करडे, तांबूस दगड सापडतात. घासण्याजोगा कोणता, हे कसं ओळखायचं? (एक वाचक, संगमनेर)

उत्तर : तुमच्या भागातल्या काळ्या पाषाणात लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले. त्या पोकळ्यांत पुढे पाण्यातून सिलिका साचली आणि तिचा अकीक झाला. काही पोकळ्यांत कॅल्साइट किंवा झिओलाइट ही मऊ खनिजं वाढली. दगड झिजून गेला तरी अकीक टिकतो आणि ओढ्यात गोळा होतो. नाशिक-नगरपासून मराठवाड्यापर्यंत तो असाच मिळतो.

ओळखायला खिशातला चाकू पुरे. टोक दाबून ओढा. दगडावर खाच पडली तर तो कॅल्साइट किंवा झिओलाइट. उलट चाकूचंच पोलाद झिजून दगडावर करडी रेघ उमटली तर तो अकीक किंवा गारगोटी. रेघ बोटाने पुसून पाहायला विसरू नका, कारण धातूची रेघ आणि खाच पहिल्या नजरेत सारखीच दिसते. कॅल्साइटवर लिंबाचा रस टाकला तर बारीक बुडबुडे येतात. पातळ कडेतून उजेड आरपार गेला आणि फुटलेला भाग शिंपल्यासारखा वळणदार व मेणचट दिसला, तर तो तुकडा घरी न्या.

मग चीर तपासा. दगड भिजवून सावलीत ठेवा आणि सुकताना बघत राहा. बाकीचा भाग कोरडा होतो, चिरेत मात्र पाणी मागे राहतं, आणि केसाएवढी ओली रेघ शेवटपर्यंत दिसते. ती रेघ खड्याच्या मधून जात असेल तर तो दगड कापू नका. आणि एक कळकळीची विनंती. जुन्या पांढरीच्या, म्हणजे प्राचीन वस्तीच्या, टेकाडावर भोक पाडलेला मणी दिसला तर तो उचलू नका. घोडनदीकाठच्या इनामगावात ताम्रपाषाण काळातले कार्नेलियनचे, म्हणजे लाल अकीकाचे, मणी उत्खननात मिळाले आहेत. मणी जागेवरून हलला की त्याची माहिती संपते.

प्रश्न : लाखेने काडीवर चिकटवलेला खडा चाकावर हमखास निसटतो. लाख जास्त तापवली तर खडाच तडकला. (एक वाचक, नाशिक)

उत्तर : लाख गरम आणि खडा थंड, असं झालं की जोड वरवरचा राहतो. तापवायचा आहे तो खडा, आणि तोही सावकाश. स्पिरिटच्या दिव्यावर पत्रा ठेवा, पत्र्यावर खडा पाठ वर करून ठेवा आणि पाठीवर लाखेचा मुगाएवढा कण टाका. कण आपोआप वितळून पसरला की खडा तयार. थेट ज्योतीत धरलेला अकीक तडकणारच. त्यात सूक्ष्म छिद्रांचं पाणी असतं आणि कडा मधल्या भागापेक्षा लवकर तापतात.

करवतीचं तेल लागलेला खडा आधी स्पिरिटने पुसा. काडी खड्यापेक्षा थोडी बारीक आणि १० ते १२ सेंटिमीटर लांब घ्या. लाख मऊ असतानाच ओल्या बोटांनी तिला खड्याच्या पाठीमागे शंकूचा आकार द्या, म्हणजे कडेचा दाब लाख पेलेल. निव्वळ लाख ठिसूळ असते. सराफी साहित्याच्या दुकानात मिळणारी मेणमिश्रित लाख घ्या. काम झालं की काडीसकट खडा २० मिनिटं फ्रीझरमध्ये ठेवा. हलक्या झटक्यात तो सुटतो.

ओपलला ही उष्णताही सोसत नाही. त्याला खिळ्याच्या डोक्यावर फेविक्विकने चिकटवा आणि नंतर अ‍ॅसिटोनमध्ये भिजवून सोडवा.

प्रश्न : फ्लॅटमध्ये दीड किलोचा टम्बलर (पिंपात दगड फिरवून घासणारं यंत्र) चालवतो. चार आठवड्यांनंतरही दगड करडे आणि निस्तेज निघतात. (एक वाचक, डोंबिवली)

उत्तर : चार टप्पे आणि चार आठवडे, हे गणित डब्यावर लिहिलेलं असतं, पण पहिला टप्पा कॅलेंडर बघत नाही. त्यात घालायची भरड पावडर, म्हणजे ६०/९० नंबरचा सिलिकॉन कार्बाइड, आठवडाभरात स्वतःच झिजून बारीक होतो. दगडावर एकही खळगा उरू नये इतकं काम व्हायला तो दोन ते चार वेळा नव्याने घालावा लागतो. त्याआधी पुढे गेलात तर भरड कण खळग्यांत बसून पॉलिशच्या टप्प्यापर्यंत प्रवास करतात. तुमचा करडेपणा बहुधा तिथून येतो.

पिंप दोन तृतीयांश ते तीन चतुर्थांश भरा. कमी भरलं तर दगड उंचावरून आपटून टवके उडतात, गच्च भरलं तर काही हलतच नाही. पाणी दगडांच्या वरच्या थराच्या किंचित खाली राहू द्या. तुमच्या पिंपाला कार्बाइडचे ४ मोठे चमचे पुरतात. लहान-मोठे दगड एकत्र घ्या, पण कठीणपणा सारखाच हवा. अकीकाच्या पिंपात एक कॅल्साइट गेला तर त्याचा चिखल होईल. टप्पा बदलताना प्रत्येक दगड दातांच्या ब्रशने घासा, पिंपाचं रबर आणि झाकणाची खाचही धुवा, आणि मध्ये तासभर नुसतं पाणी व साबणाचा चुरा घालून फिरवा. शेवटच्या दोन टप्प्यांत प्लॅस्टिकचे दाणे घातले तर दगड एकमेकांवर आदळत नाहीत.

आवाजासाठी खाली जाड रबरी चटई घाला. कपाटात बंद करू नका, मोटर तापते. चिखल सिंकमध्ये ओतलात तर तो पाइपात सिमेंटसारखा बसतो. बादलीत रात्रभर निवळू द्या, वरचं पाणी काढा आणि खालचा गाळ ओला असतानाच पिशवीत बांधून कचऱ्यात द्या.

प्रश्न : राहुरीकडच्या विहिरीतला हिरवा अ‍ॅपोफिलाइट आहे. अंगठीसाठी घासता येईल? (एक वाचक, छत्रपती संभाजीनगर)

उत्तर : घासू नका. कठीणपणाच्या १ ते १० या मोजपट्टीवर तो ५ च्या आत आहे, रोजच्या धुळीतली वाळू ७ ची. शिवाय तो एका दिशेने पापुद्र्यासारखा सरळ सुटतो आणि लाखेच्या उष्णतेने त्यातलं पाणी निघून तो पांढरा पडू शकतो. निसर्गाने आधीच पैलू पाडलेला स्फटिक आहे, तसाच खोक्यात कापसावर ठेवा.

प्रश्न : पिवळट-तपकिरी अकीक तापवून लाल होतो, असं ऐकलं. घरी जमेल? (एक वाचक, सांगली)

उत्तर : जमेल, मात्र दगडात लोह हवं. पिवळेपणा गोएथाइट या लोहखनिजाचा असतो; उष्णतेने त्यातलं पाणी जाऊन लाल हेमॅटाइट होतं. गुजरातेत भडोच जिल्ह्यातल्या रतनपूरचा दगड खंभातचे कारागीर शतकानुशतके असाच आधी उन्हात वाळवून, मग मडक्यात तापवून लाल करत आले. पहिल्या शतकातल्या ‘पेरिप्लस’ या ग्रीक प्रवासवर्णनात पैठणहून भडोचला गाड्यांतून जाणाऱ्या अकीकवर्गीय दगडांची नोंद आहे, तेव्हा हा व्यवहार आपल्याही दारातला.

तुकडे आठ-पंधरा दिवस कडक उन्हात वाळवा. मग धातूच्या डब्यात कोरड्या वाळूत पुरून ओव्हनमध्ये ठेवा, तासाला ५० अंशांपेक्षा वेगाने चढवू नका. २५० अंशांवर ३-४ तास ठेवून ओव्हन बंद करा आणि सकाळपर्यंत दार उघडू नका. घाई केली तर तडा ठरलेला. घासलेला खडा तापवू नका, कापलेली चकती तापवा. फुटली तरी श्रम वाचतात. करडा, पांढरा अकीक कितीही तापवला तरी लाल होणार नाही.

प्रश्न : पैलू पाडायला सुरुवात केली. पहिला स्फटिक स्वच्छ आहे, पण मधोमध भोक असल्यासारखं दिसतं, खालची अक्षरं वाचता येतात. (एक वाचक, ठाणे)

उत्तर : तुम्ही नीलमासाठी आखलेला पैलूंच्या कोनांचा नकाशा वापरला असावा. स्फटिकाचा अपवर्तनांक (उजेड किती वळतो त्याचा आकडा) १.५४ आहे, म्हणून खालच्या पैलूंचा कोन साधारण ४०.५ अंशांपेक्षा कमी झाला की उजेड परत न फिरता तळातून निसटतो. नीलमात हीच मर्यादा सुमारे ३४.६ अंश आहे, त्यामुळे तिथे ३९ अंशांचा पैलू झळकतो आणि स्फटिकात तोच आरपार दिसणारी खिडकी होतो. खालचे मुख्य पैलू ४३ अंशांवर घ्या. आत्ताचा खडा वाया गेलेला नाही. परत काडीवर चढवा आणि खालची बाजू पुन्हा कापा. आकार थोडा लहान होईल, खोली मात्र पुरेशी आहे का ते आधी मोजा.

प्रश्न : बाल्कनीत थोडंसं काम कोरडं केलं तर चालेल का? (एक वाचक, कोल्हापूर)

उत्तर : नाही, पाच मिनिटंसुद्धा नाही. अकीक म्हणजे जवळजवळ शुद्ध सिलिका. तिची डोळ्यांना न दिसणारी धूळ फुप्फुसात जाऊन बसते आणि त्यातून होणारा सिलिकोसिस हा फुप्फुसाचा आजार बरा होत नाही. खंभातच्या अकीक कारागिरांमध्ये आणि त्यांच्या घरच्यांमध्येही तो आढळला आहे. चाकावर पाणी सतत हवं. एन-९५ मास्क ओल्या कामातही लावा, कारण फवाऱ्याचे थेंब सुकले की त्यांची धूळ होते. त्याच कारणाने काम संपल्यावर झाडू मारू नका, ओल्या फडक्याने पुसा आणि कामाचे कपडे घरच्यांच्या कपड्यांत मिसळू नका. पाणी आणि मोटर शेजारी आहेत, तेव्हा त्या प्लगला ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (वीज गळताच पुरवठा तोडणारा स्विच) इलेक्ट्रिशियनकडून आधी बसवून घ्या.