स्पॉटिंग, डाग आणि स्रावात घुसलेला 'त'

एका वाचक ताईंचा प्रश्न आहे: दुसरा महिना चालू आहे, डॉक्टरीणबाई 'स्पॉटिंग' म्हणाल्या, सासूबाईंना सांगताना 'रक्तस्त्राव होतोय' म्हणू का?

नका म्हणू. त्या घाबरून जातील. कपड्यावर थेंब-दोन थेंब दिसले तर आपल्याकडे 'डाग लागला' किंवा 'डाग दिसला' म्हणतात. वाहायला लागलं तर 'अंगावरून जातंय'. पांढरं असेल तर 'पांढरं जातंय', आणि या दिवसांत ते थोडं वाढतंच. पहिल्या तीन महिन्यांत चौघींपैकी जवळजवळ एकीला डाग दिसतो, आणि त्यातल्या बऱ्याच जणींचं पुढे सगळं नीट पार पडतं. तरी डॉक्टरांना कळवायचंच. पोटात दुखत असेल किंवा पॅड भिजत असेल तर तडक दवाखाना गाठायचा.

आता तो 'त'. रक्तस्त्राव, स्त्रोत, सहस्त्र! परवा एका दवाखान्यात भिंतीवरच्या तक्त्यावर हाताएवढ्या अक्षरांत 'रक्तस्त्राव' पाहिलं आणि नंबर येईपर्यंत तिथून नजर हटेना. शब्द 'स्राव' आहे. धातू 'स्रु', म्हणजे वाहणे. स ला र जोडायचा, मध्ये त नाही.

संस्कृत आणि ग्रीक या बहिणी-बहिणी; दोघींच्या मूळ भाषेतला हाच धातू ग्रीकमध्ये उतरला तेव्हा सुरुवातीचा स गळाला आणि 'र्‍हेओ' झाला. डायरिया, ल्युकोरिया (म्हणजे पांढरं जाणं) यांतला 'रिया' तो हाच. हिरड्यांतून पू येतो तो पायोरिया तर ऐकाच: 'पायो' म्हणजे संस्कृत पूय, आपला पू. पायोरिया म्हणजे अक्षरशः पूयस्राव, दोन्ही अर्धे सख्खे! टूथपेस्टच्या जाहिरातींनी हा शब्द घरोघरी पोचवला, पण हे नातं कुणी सांगितलं नाही.

यावर काही अभ्यासक म्हणतात, स आणि र यांच्या मध्ये जीभ आपोआप त घालते, इंग्रजीतला 'स्ट्रीम' याच धातूचा आणि त्यातही ट घुसलाच की. घुसला, हजारो वर्षांपूर्वी, आणि इंग्रजी-जर्मन ज्यातल्या, त्या अख्ख्या जर्मानिक भाषाकुळात घुसला. तो दाखला आजच्या तक्त्यावरच्या चुकीला लावणं म्हणजे आळसाला शास्त्राचं नाव देणं. माझ्या मते आपल्याकडे घोटाळा जिभेचा कमी, डोळ्यांचा जास्त: 'स्त्री' हे जोडाक्षर रोज दिसतं, 'स्र' क्वचित, म्हणून हात सवयीने तिकडे वळतो. त्यातून विषयही बायकांचाच.

आणि स्राव हा शब्द फार नेमका आहे. सुश्रुतसंहितेत चौथ्या महिन्यापर्यंत गर्भ गेला तर तो स्राव, पाचव्या-सहाव्यात गेला तर पात. आज सरसकट 'गर्भपात' म्हणतात, आणि ऐकणाऱ्याला वाटतं, बाईने करवून घेतला. दुसऱ्या महिन्यात आपसूक गेलेल्या गर्भासाठी 'गर्भस्राव' हा शब्द कधीचा तयार आहे. केसपेपरवर तो लिहायला काय हरकत आहे?