विणकामाचे प्रश्न: जाळीची शाल आणि वाढत जाणारे टाके

प्रश्न (एक वाचक, गुहागर): नमस्कार ताई, पाऊस गेला की दरवर्षी काहीतरी विणायला घ्यायचं असं माझं ठरलेलंच आहे, यंदा आईसाठी जाळीची शाल घेतलीय, लाटांची नक्षी. सकाळी साडेसहाला पडवीत चहा घेऊन बसते, हवा गार असते, घरात कोणी उठलेलं नसतं, तो एक तास माझा. 3.25 मिमीच्या सुया आहेत. 96 टाके घातले होते, विसाव्या ओळीवर मोजले तर 103! दोनदा उसवून झालं. आणि जेवढं विणलंय ते जाळी वाटतच नाही, चुरगळलेलं फडकं दिसतंय नुसतं. सोडून देऊ का?

उत्तर: सोडू नका हो. तुमचे दोन प्रश्न आहेत आणि दुसरा तर प्रश्नच नाही, म्हणून तो आधी मिटवते. जाळीचं विणकाम सुईवर असताना असंच दिसतं, सगळ्यांचं, अगदी तीस वर्षं विणणाऱ्यांचंही. ती भोकं उघडतात शाल ओली करून ताणून टाचल्यावर, तोपर्यंत रूपावर जाऊ नका. मात्र सुया जरा बारीकच आहेत, जाळीला एक-दोन नंबर जाड सुई घ्यायची. आपल्याकडच्या जुन्या नंबरात आकडा वाढतो तशी सुई बारीक होते, 10 नंबर म्हणजे तुमची 3.25 मिमी आणि 8 नंबर म्हणजे 4 मिमी, ती घ्या.

आता टाके. लाटांच्या नक्षीची ओळख आधी नीट करून घ्या, मग ती चुकत नाही. 18 टाक्यांचं एक घर, तुमची पाच घरं म्हणजे 90 आणि दोन्ही कडांना तीन-तीन सुलट, झाले 96. पहिली ओळ सगळी सुलट, दुसरी उलट (कडेचे तीन-तीन सोडून), तिसरी ओळ जाळीची, चौथी परत सगळी सुलट. तिसऱ्या ओळीत प्रत्येक घरात तीन वेळा दोन टाके एकत्र सुलट, मग सहा वेळा धागा पुढे घेऊन एक सुलट, मग परत तीन वेळा दोन एकत्र. म्हणजे सहा टाके कमी झाले आणि सहा वाढले, घर 18 चं 18. सगळी गोम इथे आहे: प्रत्येक भोक एक टाका वाढवतं आणि प्रत्येक जोड एक टाका खातो. त्यामुळे या नक्षीत कुठल्याही ओळीच्या शेवटी मोजा, 96 च यायला हवेत. सात जास्त आले म्हणजे कुठेतरी जोड राहून गेलेत, किंवा ओळ सुरू करताना धागा सुईवरून मागे ओढला गेला की कडेचा एक टाका दोन टाक्यांसारखा दिसतो आणि आपण दोन्ही विणून मोकळे होतो. हे दुसरं फार होतं, कड नीट बघा.

शेवटी मोजून चूक कळते पण सापडत नाही, म्हणून प्रत्येक घरानंतर सुईवर वेगळ्या रंगाच्या दोऱ्याचा लहानसा फास अडकवा. या नक्षीत घराच्या दोन्ही टोकांना जोड असतो, भोक नसतं, त्यामुळे फास इकडेतिकडे सरकत नाही. जाळीची ओळ झाली की दोन फासांमधले टाके मोजायचे, जिथे 19 आले तिथेच चूक, बाकीची चार घरं उसवायची गरजच नाही.

आणि कृपा करून आधाराचा दोरा घाला. दर आठ ओळींनी, चौथी ओळ संपवून 96 पक्के मोजून झाले की मोठ्या सुईत वेगळ्या रंगाचा गुळगुळीत दोरा ओवून सुईवरच्या सगळ्या टाक्यांमधून काढायचा, फासांमधून नाही, आणि पुढे विणत राहायचं. पुढे काहीही बिघडलं तरी तिथपर्यंत उसवायचं, टाके दोऱ्यावर जागच्या जागी थांबलेले असतात. तुमच्याकडे किनाऱ्यावर घराघरात गळाची तंगूस असते, बारकी तंगूस याला उत्तम, तिला लोकरीचे तंतू चिकटत नाहीत, फक्त दोन्ही टोकं बांधा नाहीतर सरकून निघते. मी पहिल्या शालीला हा दोरा घातला नव्हता. दुधाला उकळी आली म्हणून धावत आत गेले, येऊन बघते तर सुई निघालेली आणि जाळीचे टाके खाली खाली सुटत गेलेले. साध्या विणीत सुटलेला टाका क्रोशाच्या सुईने वर आणता येतो, जाळीत कुठला टाका भोकाचा आणि कुठला जोडाचा तेच कळेनासं होतं. चाळीस ओळी गेल्या. रडले होते त्या दिवशी.

ही नक्षी स्कॉटलंडच्या उत्तरेकडच्या शेटलँड बेटांवरची. वाऱ्यापावसाची, मासेमारीची बेटं आहेत ती, आणि तिथल्या बायका इतक्या तलम शाली विणायच्या की अख्खी शाल लग्नाच्या अंगठीतून आरपार निघायची. तुमची शाल टाचून झाली की ओहोटीला वाळूवर ज्या रेघा राहतात ना, तशीच दिसेल, तेव्हा मला फोटो नक्की पाठवा.

टाके बंद करताना हात सैल सोडा, आणखी जाड सुईने बंद केले तर सगळ्यात बरं, नाहीतर कड आखडते. मग कोमट पाण्यात, थोडं रिठ्याचं पाणी घालून, वीस मिनिटं भिजवा, पिळू नका, टॉवेलमध्ये गुंडाळून दाबा, गादीवर चादर घालून पसरा आणि लाटेचं एकेक टोक ओढून टाचा. टाचण्या न गंजणाऱ्या घ्या! आपल्या खाऱ्या हवेत साध्या टाचण्यांनी एका रात्रीत माझ्या पांढऱ्या शालीच्या कडेला तपकिरी ठिपके पाडलेत, ते गेलेच नाहीत.

प्रश्न (एक वाचक, मालवण): ऑक्टोबरात दहा वाजले की इथे घामाच्या धारा, लोकर बोटांना चिकटते. सुती धाग्याची शाल केली तर चालेल का? दुकानदार म्हणतो त्याच्याकडची लोकर "प्युअर" आहे.

उत्तर: चालेल, आणि मालवणात ती वापरलीही जाईल. फक्त सूत जड असतं आणि त्याला लोकरीसारखी ताण नसते, त्यामुळे बारीक धागा घ्या, नाहीतर शाल स्वतःच्याच वजनाने लांबत जाते. टाचल्यावर सूत बरं दिसतं पण प्रत्येक धुण्यानंतर परत ओढून वाळत घालावं लागतं. चिकटण्यावर उपाय एकच, ऊन चढायच्या आत विणायचं आणि हात धुऊन कोरडे करून बसायचं. घामाच्या हातांनी टाके घट्ट होतात आणि मग दोन एकत्र घेताना सुई आत शिरत नाही.

"प्युअर"चं म्हणाल तर दुकानात लोकर म्हणून जे मिळतं ते पुष्कळदा अ‍ॅक्रिलिक असतं, लेबल वाचा. लेबल नसेल तर बोटभर तुकडा चिमट्यात धरून जाळून बघा, खाली पाण्याची ताटली ठेवून. खरी लोकर जळलेल्या केसांसारखी वास मारते आणि राख बोटाने चुरगळते, अ‍ॅक्रिलिक वितळून कडक मणी होतो, सुताला जळक्या कागदाचा वास येतो. अ‍ॅक्रिलिक वाईट नाही, पण नुसतं ओलं करून टाचल्यावर त्याची जाळी उघडी राहत नाही, वाफ द्यावी लागते, आणि इस्त्री टेकली की ते कायमचं लुळं पडतं. जाळीसाठी मी तरी घेणार नाही.

प्रश्न (एक वाचक, दापोली): आजीची लोकरीची शाल पावसाळ्यात ट्रंकेत होती, उघडली तर भोकं. डांबरगोळ्या होत्या तरी.

उत्तर: कसर लागली. तिच्या अळ्या लोकर खातात, आणि घामाचे, अन्नाचे डाग असलेली जागा आधी. म्हणून मे महिन्यात धुऊन, खडखडीत वाळवून, जाड प्लास्टिकच्या बंद पिशवीत ठेवायची. नुसत्या डांबरगोळ्यांवर विसंबू नका. आत्ता शाल झटकून थोडा वेळ उन्हात धरा, फार वेळ नको, रंग उतरतो. ट्रंकही रिकामी करून कोपऱ्यांतून पुसून घ्या. भोकाच्या कडेचे सुटे टाके आधी बारीक दोऱ्यात ओवून अडकवा, म्हणजे आणखी उसवणार नाही, आणि मग भोकाचा जवळून फोटो पाठवा, कुठली वीण आहे ते बघून पुढच्या अंकात सांगते.