आठवीच्या मुलांना गृहपाठ म्हणून ब्लॉग लिहायला द्यावा का?

तुम्ही विचारलंय की मराठीचा गृहपाठ म्हणून ब्लॉग दिला तर मुलं मनापासून लिहितात, की निबंधासारखं तेही उरकून टाकतात. मी अमळनेर तालुक्यात मराठी शिकवतो आणि चार वर्षं हे करतोय. वाचणारे एकटे गुरुजीच असतील तर मुलं उरकूनच टाकतात.

पहिल्या वर्षी माझं तेच झालं. ‘पावसाळ्यातील एक दिवस’ असा विषय दिला आणि निम्म्या वर्गाने नेटवरचा एकच निबंध उतरवून आणला. त्यात समुद्रकिनारा होता, नारळाची झाडं होती. आमच्या पोरांनी समुद्र बघितलेलाही नाही. चूक माझी होती, विषय कुणाचाच नव्हता.

दुसऱ्या वर्षी सांगितलं, घरात रोज दिसणारं एक काम लिहा. एका मुलीने आईची कापूसवेचणी लिहिली. सुरुवातच आमच्या अहिराणी बोलीत, ‘मन्ही माय’ (माझी आई) अशी होती, ती मी तशीच ठेवली. कमरेची झोळी कापसाने भरली की आई पोटुशी बाई दिसते आणि वाळलेल्या बोंडाच्या नख्यांनी तिची बोटं ओरबाडतात, असं तिने लिहिलं होतं. आठवड्याभरात सुरतेला राहायला गेलेल्या आमच्याकडच्या कुणीतरी ब्लॉगवर लेखाखाली विचारलं, ‘आम्ही बोटांना चिंधी बांधायचो, आता बांधत नाहीत का?’ पोरीने घरी जाऊन आईला विचारलं आणि उत्तर लिहिलं: सगळ्या बोटांना बांधली तर कापूस धरता येत नाही, म्हणून माय फक्त अंगठ्याला बांधते. तो अंगठा मूळ लेखात नव्हता. मी वहीत लाल शाईने ‘सविस्तर लिही’ असं शंभर वेळा लिहिलं असतं तरी तो आला नसता.

म्हणून अहिराणी खोडू नका, एवढी कळकळीची विनंती आहे. प्रमाण मराठी पेपरात लिहायचीच आहे, ती तिथे शिकवू. इथे शुद्धलेखनावरून गुण कापले की पोर पुन्हा नारळाच्या झाडाखाली जाऊन बसतं. मी गुण देतो ते पहिला आणि दुसरा खर्डा शेजारी ठेवून, काय बदललं ते बघून. आकारिक, म्हणजे वर्षभर चालणाऱ्या मूल्यमापनात हे ‘उपक्रम’ म्हणून सहज बसतं.

मुलांची वेगवेगळी खाती उघडू नका. वर्गाचा एकच ब्लॉग, तोही तुमच्या खात्यावर. ब्लॉगरवर फुकट होतो. आडनाव, गाव, चेहऱ्याचा फोटो काहीही टाकायचं नाही. प्रतिक्रिया आधी तुम्ही वाचायच्या, मगच दिसू द्यायच्या. ही सोय सेटिंगमध्ये आहे. पालकांची लेखी संमती घ्याच. २०२३ च्या डेटा संरक्षण कायद्यात १८ वर्षांखालचा प्रत्येक जण बालक धरला आहे आणि त्याच्या माहितीसाठी पालकांची संमती लागते. मोबाइल घरात एकच असतो आणि तो वडिलांबरोबर संध्याकाळी घरी येतो, म्हणून खर्डा वहीतच होऊ द्या. टायपिंग शाळेत, दोघादोघांनी. बोलून टाइप करायची सोय अहिराणीला नीट ऐकत नाही, तिथे हातानेच करावं लागतं.

आणखी एक. पहिली नोंद तुम्ही स्वतः लिहा. साने गुरुजी १९३० साली नोकरी सोडेपर्यंत आमच्या अमळनेरच्या प्रताप हायस्कूलमध्ये होते. तिथल्या छात्रालयातल्या मुलांसाठी ते स्वतःच्या हाताने ‘छात्रालय दैनिक’ लिहून काढत. आपल्याला निदान महिन्यातून एकदा जमायला हवं. मी माझ्या वडिलांच्या सायकलवर लिहिलं, तेव्हा पोरांनी त्यातल्या दोन चुका दाखवल्या आणि मग स्वतः लिहायला बसली.

सुरुवात श्रावणात करा. कानबाई देवीच्या रोटांच्या सणासाठी सुरतेला गेलेली आपली माणसं गावी येतात. त्यांच्या मोबाइलवर ब्लॉगची लिंक मुलांनाच पाठवू द्या. तुमचे पहिले वाचक तेच असतील, आणि सुरतेला परत गेल्यावरही ते वाचत राहतात.