मुलगी 10 महिन्यांची, आधाराशिवाय बसत नाही, उजवी मूठ कायम मिटलेली. फिजिओथेरपी आत्ताच सुरू करावी की वॉकरमध्ये ठेवून वाट पाहावी?
आत्ताच दाखवा, निदानाचा कागद हातात येईपर्यंतही थांबू नका. आणि वॉकर माळ्यावर टाका. मी लहान मुलांची फिजिओथेरपी करते. जागतिक आरोग्य संघटनेच्या तक्त्यात आधाराविना बसण्याची मर्यादा साधारण 9 महिने आहे, पण मला जास्त खटकते ती मूठ. वर्षाच्या आत मूल एकाच हाताने सगळं करत असेल तर 'डावखुरी दिसतेय' म्हणून सोडून देऊ नका. वॉकरमध्ये मूल चवड्यांनी जमीन ढकलत राहतं, तोल शिकत नाही. (कॅनडात 2004 पासून त्याच्या विक्रीवर बंदीच आहे.) तोवर घरी:
- जागेपणी, तुमच्या देखत, पालथं घाला.
- खेळणं उजवीकडून द्या.
- मूठ ओढून उघडू नका. मनगट हलकेच आत वाकवलं की बोटं सैल पडतात.

बऱ्याच जिल्हा रुग्णालयांत डीईआयसी, म्हणजे जिल्हा शीघ्र हस्तक्षेप केंद्र असतं, तिथे हे मोफत होतं. बाळ 2 महिने आधी जन्मलं असेल तर वय 8 महिने धरा. मग न बसणं एक वेळ चालेल, मूठ मात्र तरीही दाखवायचीच.