सेना, दल की टोळी? ब्रिटिश पॅलेस्टाईनमधील ज्यू सशस्त्र गटांसाठी मराठी शब्द

दुसऱ्या महायुद्धाच्या काळातील पॅलेस्टाईनवरील लेखाचा अनुवाद करणाऱ्या एका वाचकाने विचारले आहे की, हगाना, इर्गुन, लेही, पल्माख आणि ज्यू ब्रिगेड या साऱ्यांसाठी ‘ज्यू सेना’ हा एकच शब्द चालेल का.

माझ्या मते चालणार नाही. मराठीत ‘सेना’ हा शब्द सरकारी लष्करालाही लावतात आणि सरकारविरुद्ध उभ्या राहिलेल्या संघटनेलाही. साताऱ्याच्या प्रतिसरकारची ‘तुफान सेना’ हे त्याच काळातले उदाहरण आहे. प्रस्तुत लेखात तर हाच भेद कळीचा आहे, कारण यांतील एक घटक ब्रिटिश राजाच्या गणवेशात लढत होता, काही त्या राजवटीशी झुंजत होते, आणि काहींनी एकाच युद्धात दोन्ही भूमिका घेतल्या.

गणवेशातला घटक म्हणजे ज्यू ब्रिगेड. सप्टेंबर १९४४ मध्ये चर्चिल सरकारने तिची घोषणा केली आणि ब्रिगेडियर अर्नेस्ट बेंजामिन यांच्या हाताखाली सुमारे ५,००० सैनिकांची ही ब्रिगेड इटलीत उतरली. हिला ‘ज्यू पलटण’ म्हणण्याचा मोह होईल, परंतु मराठीत पलटण म्हणजे साधारणपणे बटालियन, आणि या ब्रिगेडमध्ये पायदळाच्याच तीन पलटणी होत्या. म्हणून ‘ब्रिगेड’ हाच रुळलेला शब्द ठेवावा. १९४५ च्या वसंतात ती सेनिओ नदीच्या आघाडीवर लढत होती, आणि मराठा लाईट इन्फन्ट्रीच्या नामदेव जाधव यांनी व्हिक्टोरिया क्रॉस मिळवला तोही एप्रिल १९४५ मध्ये याच सेनिओच्या काठी. ब्रिगेड आणि पलटण यांतला फरक मराठी वाचकाला परका नाही, तो अनुवादात पुसू नये.

हगाना १९२० पासूनची. हिब्रूत या शब्दाचा अर्थच ‘संरक्षण’ असल्याने ‘संरक्षक दल’ हे स्पष्टीकरण पहिल्या उल्लेखात द्यावे, पुढे नुसते ‘हगाना’ पुरे. ब्रिटिश कायद्याच्या दृष्टीने ती बेकायदा असली तरी ज्यू एजन्सीच्या, म्हणजे पॅलेस्टाईनमधील ज्यूंच्या प्रातिनिधिक संस्थेच्या, राजकीय नियंत्रणाखाली होती, त्यामुळे तिला ‘टोळी’ म्हणणे चुकीचे ठरते. तिच्यातूनच मे १९४१ मध्ये पल्माख निघाले. नावाचा अर्थ ‘प्रहार तुकड्या’. जर्मन सैन्य पॅलेस्टाईनपर्यंत पोहोचेल या भीतीपोटी ब्रिटिशांनी या तुकड्यांना मदत दिली आणि इजिप्तमधील एल अलामीनच्या १९४२ च्या विजयानंतर ती काढून घेतली. तेव्हा १९४१-४२ विषयी लिहिताना पल्माखला सरसकट ‘भूमिगत’ म्हणू नये. त्यानंतरच्या वर्षांना मात्र तो शब्द अचूक बसतो, आणि बेचाळीसच्या चळवळीमुळे मराठीत त्याला हवा तो अर्थभारही आहे.

‘इर्गुन’ म्हणजेच ‘संघटना’. पूर्ण नाव ‘राष्ट्रीय लष्करी संघटना’ असे आहे, म्हणून ‘इर्गुन संघटना’ ही द्विरुक्ती टाळावी. युद्धाच्या आरंभी इर्गुनने ब्रिटिशांविरुद्धच्या कारवाया थांबवल्या होत्या, आणि तिचे प्रमुख डेव्हिड राझिएल तर १९४१ मध्ये ब्रिटिशांसाठीच्या मोहिमेवर असताना इराकमध्ये मारले गेले. पुढे मेनाखेम बेगिन यांच्या नेतृत्वाखाली फेब्रुवारी १९४४ मध्ये तिने बंड पुकारले. या तारखेच्या आधी तिच्यासाठी ‘बंडखोर’ हे विशेषण वापरताना संदर्भ तपासावा.

इर्गुनचा हा युद्धविराम ज्यांना मान्य नव्हता, ते अव्राहम स्टर्न यांच्यासोबत १९४० मध्ये तिच्यातून फुटून निघाले आणि त्यांचा गट पुढे लेही, म्हणजे ‘इस्रायलच्या स्वातंत्र्याचे लढवय्ये’, या नावाने ओळखला गेला. ब्रिटिश त्यांना ‘स्टर्न टोळी’ म्हणत. आपल्याकडे ऊसतोड कामगारांचीही टोळी असते, परंतु सशस्त्र गटाला लावला की हा शब्द दरोडेखोरीकडे झुकतो. म्हणून ब्रिटिशांचे म्हणणे उद्धृत करताना तो अवतरणात ठेवावा, आणि लेखकाने स्वतःच्या वाक्यात ‘गट’ लिहावे. कैरोत ६ नोव्हेंबर १९४४ रोजी लेहीने मध्यपूर्वेतील ब्रिटिश मंत्री लॉर्ड मॉयन यांची हत्या केली. तिला ‘हत्या’ असेच म्हणावे, ‘कारवाई’ म्हणून सौम्य करू नये.

लेखनाविषयी एक सूचना. रोमन लिपी पाहून ‘पाल्माच’ लिहिले जाते, ते चूक आहे; शेवटचा उच्चार ‘ख’जवळचा आहे. तोच वर्ण लेहीतही आहे, पण तिथे ‘लेखी’ लिहिले तर मराठी वाचक तोंडीच्या विरुद्धचे लेखी असेच वाचेल, तेव्हा तिथे रूढ ‘लेही’च ठेवावे.