वाचकांचे प्रश्न : कांदा आवारात की बांधावर?

प्रश्न : २०१६ मध्ये फळं-भाजीपाला नियमनमुक्त झाला. मग सोलापूर बाजार समितीत नेलेल्या कांद्याच्या पट्टीतून (विक्रीच्या हिशेबातून) अजून पैसे का कापतात? बांधावरच माल दिला तर परवडेल का?
– कांदा उत्पादक, मोहोळ तालुका

उत्तर : नियमनमुक्ती म्हणजे आवाराबाहेर विकायची मोकळीक. आवारात समितीचे नियम चालूच आहेत. त्याच वर्षी अडत, म्हणजे आडत्याची दलाली, शेतकऱ्याऐवजी खरेदीदाराकडून घ्यायचं ठरलं, तेव्हा पट्टीत ‘अडत’ दिसली तर समितीकडे लेखी तक्रार द्या. हमाली, तोलाई, गाडीभाडं मात्र तुमच्याच माथी. भाव पडला की हेच आकडे माल खातात. फेब्रुवारी २०२३ मध्ये बार्शी तालुक्यातल्या एका शेतकऱ्याचा ५१२ किलो कांदा सोलापुरात रुपया किलोने गेला. खर्च वजा झाला ५०९ रुपये ५१ पैसे, हाती आले २ रुपये ४९ पैसे.

बांधावर भाडं वाचतं, पण तिथे मापाची आणि पैशांची हमी तुमची तुम्हालाच घ्यावी लागते. गाडी आधी रिकामी, मग भरून भुईकाट्यावर चढवा आणि दोन्ही पावत्या जवळ ठेवा. पिशवीमागे घट (वजनातली कपात) किती धरणार, गोल्टीला म्हणजे बारीक कांद्याला भाव काय, हे सौदा ठरतानाच बोलून घ्या. माल भरून झाल्यावर हा विषय निघाला की माघार तुम्हालाच घ्यावी लागते, कारण भरलेली गाडी कोण उतरवणार? नुसत्या विसारावर गाडी सोडू नका. पूर्ण रक्कम खात्यात जमा झाली की मगच ती शिवाराबाहेर जाऊ द्या.

यात मोठी मेख आहे ती लाल कांद्याची. उन्हाळी कांदा चाळीत (साठवणीच्या हवेशीर शेडमध्ये) चार-पाच महिने राहतो, लाल कांदा काही आठवड्यांतच कोंब धरतो नाहीतर सडतो. व्यापारी हे ओळखून थांबतो, तुम्हाला थांबता येत नाही. म्हणून काढणीआधीच दोन-तीन ठिकाणी भाव विचारून ठेवा आणि माना वाळल्याशिवाय पिशव्या भरू नका. ओल्या मानेचा कांदा पिशवीत तापतो, मग घट वाढवून मागायला व्यापाऱ्याला निमित्त मिळतं.

एवढं करूनही भावाची दोरी दिल्लीच्या हाती आहे. ऑगस्ट २०२३ मध्ये निर्यातीवर ४० टक्के शुल्क लागलं, डिसेंबरात थेट बंदी आली. बंदी मे २०२४ मध्ये उठली, शुल्क १ एप्रिल २०२५ ला गेलं. बाजार मोकळा केला म्हणायचं आणि बंदर अडवायचं, हे आम्हाला मुळीच मान्य नाही. लागवडीचं क्षेत्र ठरवताना या तारखा डोळ्यांसमोर ठेवा, सगळं रान एकट्या कांद्याखाली घालू नका.