काढघालीची अर्धी कवळी बसवल्यावर रोजचे जगणे कसे राहते?

खालच्या दोन्ही बाजूंच्या दाढा काढल्यामुळे तुम्हाला काढता-घालता येणारी अर्धी कवळी सुचवली आहे आणि तिने जगणे सुकर होईल की नवी कटकट मागे लागेल, असे तुम्ही विचारले आहे. मी निपाणीजवळच्या खेड्यात राहतो आणि नेमकी अशीच कवळी सहा वर्षे वापरतो आहे.

फटीच्या दोन्ही अंगांना दात असले, तर कवळी त्यांच्यावर टेकते आणि फारशी हलत नाही. आपल्या बाबतीत मागे दातच उरलेला नसल्याने तिचा मागचा भाग हिरडीवर टेकतो, आणि हिरडी दातापेक्षा कितीतरी जास्त दबत असल्यामुळे घासागणिक तो खालीवर होतो. बहुतेक त्रास यातूनच उद्भवतो. पहिल्याच महिन्यात मला जिभेच्या बाजूला जोंधळ्याएवढी जखम झाली, ती मी उगाच सोसत राहिलो. डॉक्टरांनी कवळीची तेवढीच कड घासून दिल्यावर दोन दिवसांत आराम पडला. ती कड घरी कानशीने घासण्याचा उद्योग कृपा करून करू नका.

बोलताना सुरुवातीला, घरी मराठीत आणि बाजारात कन्नडमध्येही, जीभ अडखळे. वर्तमानपत्र मोठ्याने वाचल्याने ते पंधरवड्यात गेले. भाकरी आधी आमटीत कुस्करून खाल्ली, आता ताजी भाकरी लहान घासांनी दोन्हीकडे चावता येते. गोकाकचा करदंट, म्हणजे सुकामेवा-डिंकाची मिठाई, मात्र मी सोडला, कारण त्यातला डिंक कवळीच उचलतो.

दातांच्या त्रासाचा जगण्यावरचा परिणाम मोजण्यासाठी १९९७ साली दंतसंशोधक स्लेड यांनी १४ प्रश्नांची एक प्रश्नावली मांडली, तिला ओएचआयपी-१४ म्हणतात. तीत दुखण्याबरोबरच चारचौघांतला संकोच, चिडचिड आणि जेवण मध्येच थांबवावे लागणे यांचीही विचारणा आहे, हे मला फार योग्य वाटते. भावकीतल्या एका लग्नात शेंगदाण्याचा कण कवळीखाली गेला आणि मी पान अर्धे टाकून उठलो. त्यानंतर वर्षभर पंगत टाळली. तो सल जखमेपेक्षा जास्त टिकला.

रात्री कवळी काढून साध्या पाण्यात ठेवा, उकळते पाणी वापरू नका, आणि ज्या दातांना तारेची पकड असते ते कसोशीने घासा, कारण तिथे कीड लवकर लागते. हिरडीखालचे हाड झिजत गेल्याने कवळी कालांतराने सैल होते, तेव्हा आतून नवे अस्तर भरून घेता येते. मी चौथ्या वर्षी ते भरून घेतले, आणि तेव्हापासून पंगतीत शेवटच्या ताकभातापर्यंत बसतो.